‘संगणकाच्या साहाय्याने’

रेल्वे लाइन्सकडच्या एखाद्या तपासणी केंद्रातून सीटी स्कॅन करून माणूस घरी आला की आपल्या सोलापुरात एक दृश्य ठरलेले असते. मोठ्या पाकिटातून काळी फिल्म निघते, घरातला कोणी तरी ती ट्यूबलाइटसमोर धरतो आणि सगळे माना वर करून बघतात. ‘फोटोत काय दिसतंय?’ असा प्रश्न होतो. कोणाला काही दिसत नाही, पण तो फोटो आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते.

तो फोटो नाही. कोणत्याही कॅमेऱ्याने तो टिपलेला नाही, कोणत्याही भिंगातून तो आलेला नाही. हजारो आकड्यांवर गणित करून मिळालेले ते एक उत्तर आहे. हे आपल्या वाचकाला ठाऊक नसण्याचे कारण अशिक्षितपणा नाही, कारण आपले विज्ञानलेखन आहे. या लेखाची तक्रार त्या लेखनाबद्दल आहे, आणि त्यात मी स्वतःही येतो.

सीटी स्कॅनवरचा कोणताही सरासरी मराठी लेख घ्या. क्ष-किरणांची नळी रुग्णाभोवती कशी फिरते, पलीकडचे संवेदक काय नोंदवतात, हे त्यात नीट सांगितलेले असते. आणि मग एक वाक्य येते: या नोंदींवरून संगणकाच्या साहाय्याने शरीराच्या छेदाची प्रतिमा तयार होते. झाले. पुढच्या परिच्छेदात फायदे-तोटे आणि खर्च. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवरचा लेख घ्या. तीस तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, पंचवीस किलोमीटरचा पसारा, आणि ‘संगणकाच्या साहाय्याने’ आकाशाचे चित्र. प्रथिनांच्या रचनेवरचा लेख घ्या, तिथेही तेच. हे दोन शब्द जिथे येतात तिथे लेखकाची पेन्सिल थांबलेली असते, आणि संशोधन नेमके तिथेच सुरू झालेले असते. खगोलशास्त्र, वैद्यकीय प्रतिमा आणि जीवरसायन या तीन दुकानांच्या मागच्या बाजूला एकच गोदाम आहे, आणि त्याच्या दारावर आपण ‘संगणक’ अशी पाटी लावून कुलूप घातले आहे.

ते दार उघडायला फार मोठे गणित लागत नाही. सोलापूरकराला तर आलेखाचा कागद नवा नाही. जकार्ड मागावर चादरीची नक्षी चढते ती आधी चौकटीच्या कागदावर उतरते. कोणता चौकोन भरलेला, कोणता रिकामा, त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोके पडतात आणि भोकांप्रमाणे उभे धागे उचलले जातात. (या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून संगणकाची कल्पना निघाली, हे आपण समारंभात अभिमानाने सांगतो. खरे आहे, पण तिथेही आपण पुठ्ठ्यापाशी थांबतो.) आता उलटा प्रश्न विचारू. नक्षीचा कागद हरवला आहे. हातात फक्त एवढेच आहे की प्रत्येक आडव्या ओळीत किती चौकोन भरलेले होते आणि प्रत्येक उभ्या रांगेत किती. नक्षी परत मिळेल का?

चारच चौकोनांचा कागद घ्या, दोन ओळी आणि दोन रांगा. प्रत्येक ओळीची बेरीज एक, प्रत्येक रांगेची बेरीज एक. मग भरलेले चौकोन डावीकडे वर आणि उजवीकडे खाली असतील, किंवा उजवीकडे वर आणि डावीकडे खाली. दोन वेगळ्या नक्ष्या, बेरजा त्याच. निर्णय होत नाही. पण कोणी तिरप्या रेषेवरची बेरीज सांगितली, एका कर्णावर दोन आणि दुसऱ्यावर शून्य, की नक्षी पक्की झाली. कागद मोठा असेल तर आणखी दिशा लागतील. पुरेशा दिशांनी बेरजा मिळाल्या तर आतली नक्षी परत उभी करता येते, हे ऑस्ट्रियन गणिती योहान राडोन याने १९१७ मध्ये सिद्ध केले. क्ष-किरण शरीरातून जाताना वाटेत जे काही लागले त्याची बेरीजच घेऊन बाहेर पडतो. सीटी यंत्र एवढेच करते: निरनिराळ्या दिशांनी बेरजा घेते आणि हरवलेला कागद शोधते.

आता या गणिताचा प्रवास बघू, कारण तो महाराष्ट्रातून गेला आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

१९५३ साली गोविंद स्वरूप नावाचा चोविशीतला तरुण सिडनीला रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेला. तिथे पॉट्स हिल या ठिकाणी क्रिस्टियनसन यांनी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या एका ओळीत मांडल्या होत्या. एका ओळीतल्या तबकड्यांना सूर्य बिंदूबिंदूने दिसत नाही. त्यांना एका अरुंद पट्टीतल्या सगळ्या सूर्याची बेरीज मिळते. दिवसभरात पृथ्वी फिरते तशी पट्टीची दिशा बदलते. म्हणजे पुन्हा तेच: निरनिराळ्या दिशांच्या बेरजा, आणि त्यांवरून सूर्याचे चित्र. क्रिस्टियनसन आणि वॉरबर्टन यांनी असे चित्र काढले, आणि त्याच्या आकडेमोडीत सुरुवातीचे काही महिने स्वरूप यांनी हात लावला. संगणक नव्हता. टेबलावरचे गणकयंत्र होते, कागद होता आणि माणसे होती. ‘संगणकाच्या साहाय्याने’ हे शब्द किती फसवे आहेत हे इथे कळते. गणिताची रीत आधी आली, संगणक नंतर. संगणकाने फक्त वेळ वाचवला.

पॉट्स हिलच्या त्या ३२ तबकड्या पुढे अडगळीत जाणार होत्या. स्वरूप यांच्या सुचवण्यावरून त्या भारताला भेट मिळाल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. भारतातली ही अशा प्रकारची पहिली रेडिओ दुर्बीण. सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी कल्याणवरून जाते, पण तिथे सूर्य मोजला जात होता असे मला कोणत्याही प्रवासात कोणी सांगितले नाही. कल्याणनंतर उटी आणि उटीनंतर नारायणगावजवळचे खोडद, हा स्वरूप यांचा पुढचा रस्ता मराठी वाचकाला थोडाफार माहीत असतो.

मधला एक मुक्काम मात्र आपल्या लेखांतून गळतो. सिडनीनंतर स्वरूप स्टॅनफर्डला गेले आणि रोनाल्ड ब्रेसवेल यांचे विद्यार्थी झाले. ब्रेसवेल हे पट्टीच्या बेरजांवरून चित्र काढण्याच्या गणितातले मोठे नाव. १९५६ मध्ये त्यांनी त्यावर पायाभूत लेख लिहिला होता. १९६७ मध्ये त्यांनी आणि रिडल यांनी अवघड रूपांतरे टाळून हेच काम थेट बेरीज-वजाबाकीने कसे करता येईल ते दाखवले. तो लेख खगोलशास्त्राच्या नियतकालिकात आला. साहजिकच डॉक्टरांनी तो वाचला नाही.

आता दुसरा माणूस. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे विद्यार्थी. मद्रासला असताना त्यांनी आणि गोपीनाथ कार्था यांनी कोलॅजेन या प्रथिनाची तिहेरी पिळाची रचना मांडली. कोलॅजेन म्हणजे आपली कातडी, हाडे आणि स्नायुबंध ज्यावर उभे आहेत ते प्रथिन. त्यांच्या प्रयोगाचा नमुना कांगारूच्या शेपटीतला होता. पुढे १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह त्यांनी एक आलेख काढला. प्रथिनाची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत तिचे अणू एकमेकांवर आदळतील, याचा हा नकाशा. तो आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. रेण्वीय जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला रामचंद्रन भेटतात ते इथे.

पण या माणसाने १९७१ मध्ये, ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आणखी एक लेख लिहिला. क्ष-किरणांच्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांवरून त्रिमितीय रचना कशी काढावी, हा त्याचा विषय. रेणूंच्या रचना शोधताना जे हत्यार हातात बसले होते तेच त्यांनी इथे चालवले. रीत इतकी साधी आहे की ती मराठीत दोन-चार वाक्यांत सांगता येते.

प्रत्येक बेरीज ज्या रेषेवरून आली त्या रेषेवर ती सारखी पसरून टाका. सगळ्या दिशांच्या रेषा एकमेकींवर पडल्या की नक्षी दिसू लागते, पण धुकट. एका ठिपक्याभोवती पिठाचे वर्तुळ सांडावे तसे. ते धुके घालवायला पसरण्याआधीच प्रत्येक आकडा दुरुस्त करा: त्याचा स्वतःचा चौथा हिस्सा ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा शेजाऱ्यांचे थोडे थोडे हिस्से वजा करा. पहिल्या शेजाऱ्याचा हिस्सा साधारण एक दशांश, तिसऱ्याचा त्याच्या नवव्या भागाइतका, पाचव्याचा पंचविसाव्या भागाइतका. गंमत अशी की वजा केलेले सगळे हिस्से मिळवले तर बरोबर एक चतुर्थांश होतात. म्हणजे जिथे सगळीकडे सारखेच आहे तिथे दुरुस्त आकडा शून्य येतो, आणि जिथे कड आहे, हाड संपून मांस सुरू होते, तिथे तो उठून दिसतो. धुके धुक्याने कापले जाते. सीटीच्या पाठ्यपुस्तकांत या गाळणीचे नाव दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘राम-लक’ असे आहे. ऐकणाऱ्याला रामलक्ष्मण वाटावे.

इथे एक पथ्य पाळले पाहिजे. ‘सीटी स्कॅन भारताने शोधला’ असा मथळा यावरून काढू नये. लंडनमधल्या रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ ला झाले ते हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर, आणि त्या यंत्राची आकडेमोड वेगळ्या, अंदाज घेत दुरुस्त करत जाण्याच्या पद्धतीची होती. गणिताचा एक धागा कॉर्मॅक यांनी १९६३-६४ मध्येच मांडला होता. १९७९ चे नोबेल या दोघांना मिळाले आणि ते योग्यच होते. ब्रेसवेल यांची रीत रामचंद्रन यांच्या चार वर्षे आधीची. पण पुढे दीर्घकाळ जगातली बहुतेक सीटी यंत्रे चालली ती या गाळून पसरण्याच्या कुळातल्या रीतींवर. गौरव करायचा तर एवढा नेमका करावा. आपल्या लेखांतला गौरव नेमका नसतो, म्हणून तो एक तर फुगतो किंवा हरवतो. रामचंद्रन यांच्या बाबतीत तो हरवला.

हरवला कसा, हे पाहण्यासारखे आहे. स्वरूप ‘अवकाश’ या सदरात गेले, रामचंद्रन ‘भारतीय शास्त्रज्ञ’ या मालिकेत आणि सीटी स्कॅन ‘आरोग्य’ पुरवणीत. तिन्ही ठिकाणी व्यक्तीचे बालपण, गरिबी, परदेशातला मोह टाळणे आणि पुरस्कार हे नीट आले. रीत कुठल्याच सदराची नव्हती, म्हणून ती कोणाच्याच वाट्याला आली नाही.

यावर संपादकांचे उत्तर मला माहीत आहे: वाचक गणिताला घाबरतो, शिवाय मराठीत शब्द नाहीत. दुसरी सबब टिकणारी नाही. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ पासून निघते आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, विश्वकोशाचे खंडच्या खंड झाले. शब्द घडवण्यात आपण कमी पडलेलो नाही. उलट ‘संवलन’ हा शब्द घडवून आपण इतके समाधानी झालो की संवलन म्हणजे शेजाऱ्यांचे हिस्से देणे-घेणे, हे सांगायचेच राहिले. पहिली सबब थोडी खरी आहे. पण ज्या वाचकाला मूळव्याधीपासून म्युच्युअल फंडापर्यंतचे तपशील आपण देतो, त्याला चार चौकोनांचा कागद झेपणार नाही असे धरून चालणे हा त्याचा अपमान आहे.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. प्रतिमा काढलेली असते हे कळले की तिला विचारायचे प्रश्न बदलतात. राम-लक गाळणी कडा धारदार करते, पण त्याबरोबर आकड्यांतला खरखराटही वाढवते. म्हणून व्यवहारात तिची सौम्य रूपे वापरतात. हाडासाठी धारदार गाळणी, मेंदूसाठी मऊ. रुग्ण एकदाच यंत्रात झोपतो, नोंदी एकदाच होतात, पण त्याच नोंदींतून दोन वेगळी चित्रे निघतात, आणि एकात दिसणारी बारीक भेग दुसऱ्यात दिसेलच असे नाही. दातात धातू भरलेला असेल तर जबड्याच्या चित्रात चांदणीसारखे पट्टे उमटतात. ते जबड्यात नसतात, गणितात असतात. फोटो समजणाऱ्याला हे दोष यंत्र ‘बिघडल्याचे’ वाटतात. गणित समजणाऱ्याला ते अपेक्षित असतात. गेल्या काही वर्षांत ही गाळणीची जागाच शिकवलेली संगणकीय जाळी घेऊ लागली आहेत. त्यांनी हजारो जुनी चित्रे पाहिलेली असतात आणि त्यांवरून नवे चित्र ती स्वच्छ करतात. कमी किरणांत स्वच्छ चित्र मिळते, हा फायदा खरा आहे. पण रुग्णाच्या नोंदींतून काय आले आणि इतरांच्या चित्रांवरून काय आले, हा प्रश्न विचारायला आपल्या वाचकाकडे भाषा नाही, कारण आधीच्या पन्नास वर्षांचे आपण त्याला सांगितलेले नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी हा प्रश्न उघडपणे हाताळला आहे. खोडदच्या तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक लहानसा अंश मोजते, आणि बरेच अंश न मोजलेलेच राहतात. त्यामुळे पहिल्यांदा निघणाऱ्या चित्राला या धंद्यात सरळ ‘मळका नकाशा’ म्हणतात. तो धुण्याची एक प्रसिद्ध रीत हॉगबॉम यांनी १९७४ मध्ये दिली. स्वतःच्या पहिल्या चित्राला मळके म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचे जे चित्र प्रसिद्ध झाले, त्याच्या आधी चार गटांना एकमेकांशी न बोलता त्याच नोंदींवरून चित्र काढायला लावले होते. चौघांचेही कडे सारखे निघाले तेव्हा पुढे पाऊल टाकले. आपल्याकडे त्या चित्रावर पुष्कळ लिहिले गेले. त्या चार गटांवर फार थोडे.

हीच सवय प्रतिमेच्या बाहेरही नडते. जयंत नारळीकर हे मराठी विज्ञानलेखनातले सर्वांत विश्वासार्ह नाव. त्यांच्या नेतृत्वाखाली २० एप्रिल २००५ ला हैदराबादहून एक महाकाय बलून सोडण्यात आला. खगोलशास्त्र आणि जीवरसायन यांच्या सीमेवरचा हा प्रयोग: २० ते ४१ किलोमीटर उंचीवरच्या हवेत जीव आहेत का? निर्जंतुक केलेल्या सोळा पोलादी नळ्यांत हवा भरून आणली. हैदराबाद आणि पुणे इथल्या दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ती तपासली. बारा जिवाणूंच्या आणि सहा बुरशींच्या वसाहती मिळाल्या. जनुकीय तपासणीत तीन जिवाणू नव्या जातींचे ठरले. एकाला फ्रेड हॉईल यांचे, एकाला इस्रोचे आणि एकाला आर्यभटाचे नाव दिले गेले. २००९ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा इस्रोच्या निवेदनातच म्हटले होते की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे निर्णायकपणे सिद्ध होत नाही. आपल्या लेखांत राहिली ती तीन नावे. निर्जंतुक नळ्या आणि दोन प्रयोगशाळा, म्हणजे ज्या गोष्टींमुळे हा प्रयोग ऐकण्याच्या लायकीचा होता, त्या गळाल्या. पुढची गोष्ट तर सांगितलीच गेली नाही. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू नंतर जमिनीतही सापडू लागला. मध्य भारतातल्या काळ्या जमिनीत, सोयाबीनच्या मुळांभोवती, जस्त विरघळवून पिकाला देताना त्याच्यावर अभ्यास झाला आहे. आपल्या बार्शी-अक्कलकोटकडची जमीनही काळीच. याने बलूनचा प्रयोग खोटा ठरत नाही. हा जीव वर कसा गेला, की वरून खाली आला, की तो सगळीकडेच होता आणि आपण पहिल्यांदा वर पाहिले, हे प्रश्न मात्र खुले होतात. नारळीकरांना या प्रश्नांचे वावडे नव्हते. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांना होते.

सोलापूरने हे घरच्या अंगणातही पाहिले. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने इथल्या ढगांवर प्रयोग केला. गावात चर्चा एवढीच: विमान आले म्हणून पाऊस पडला, की विमान आले म्हणून पळाला. निष्कर्ष आले तेव्हा बातमीत १८ टक्के हा आकडा आला. प्रयोगासाठी २७६ ढग निवडले होते, आणि त्यांतल्या काहींवर मुद्दामच फवारणी केली नव्हती, कारण तुलनेला न फवारलेला ढग लागतो. मग फवारलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरच्या भागात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, असा तो निष्कर्ष होता. तो साऱ्या जिल्ह्यासाठी नव्हता. न फवारलेल्या ढगाशिवाय १८ या आकड्याला अर्थ नाही, आणि बातमीत नेमका तो ढग नव्हता.

पुढच्या वेळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धराल तेव्हा मधल्या चित्राआधी कोपऱ्यातली बारीक अक्षरे पाहा. छेदाची जाडी, किरणांचा दाब आणि बऱ्याच यंत्रांवर एक-दोन अक्षरे नि आकड्यांचा एक संकेत तिथे छापलेला असतो. तो संकेत गाळणीचा आहे. शेजाऱ्यांचे हिस्से किती वजा केले, ते तिथे लिहिलेले असते.